डायवरसाहेबांचा तिसरा गिअर

सत्त्याण्णव साली सोपानरावांनी सेकंडहँड मारुती घेतली आणि आठवड्याच्या आत सगळ्या सोनईला कळलं, की गाडीचा गिअरबॉक्स गेलेला आहे. त्यासाठी कुणाला विचारावं लागत नव्हतं. सोपानरावांनी तिसरा गिअर टाकला, की पेठेतली कुत्रीसुद्धा उठून बाजूला होत.

सोपानराव एस्टीतून नुकतेच निवृत्त झालेले ड्रायव्हर. अठ्ठावीस वर्षांत एक अपघात नाही. त्याचा बिल्ला भिंतीवर. तेव्हा दोष गाडीतच आहे, याबद्दल घरात शंका घ्यायची कुणाची छाती नव्हती.

"कमरुद्दीन, गिअरबॉक्स उतरव," त्यांनी गॅरेजवाल्याला फर्मावलं.

कमरुद्दीनने उतरवला, पाहिला, बसवला. कर्रर्र! क्लचप्लेट बदलली. कर्रर्र! केबल आवळली, ऑइल बदललं. आवाज आणखी खणखणीत झाला.

"आता इंजनच उतरव."

कमरुद्दीनला घाम फुटला. "काका, आधी आवाज कुठनं येतो ते धरू. मी पुढं कान लावतो, तुमी मागं लावा. चालवायला कोन हाय?"

कोणीच नव्हतं. म्हणजे सून होती. अश्विनी लग्नाआधी नगरच्या मोटार क्लासमध्ये गाडी शिकली होती, पण या घरात तो विषय काढायची पद्धत नव्हती. सासू कलाबाईंनीच तिला हाताला धरून स्टिअरिंगवर बसवलं आणि स्वतः मागे बसल्या.

पहिला पडला, दुसरा पडला. तिसरा कधी पडला ते कळलंच नाही. घोडेगावचा फाटा आला तरी हूं नाही की चूं नाही. कान लावायला ओणवे झालेले सोपानराव तसेच ओणवे राहिले. उठून कुणाच्या तोंडाकडे बघायचं, हा मोठाच प्रश्न होता.

कमरुद्दीनला सगळं उमगलं. बसचा गिअर खांद्याच्या जोरावर ओढलेला हा हात. क्लच पुरता दबायच्या आत हिसका देतो. पण याच हाताच्या भरवशावर तो लहानपणापासून एस्टीत निर्धास्त झोपून नगरला जात आला होता. त्याला वाईट वाटलं.

"काका, सापडला दोष," तो म्हणाला. "लई बारीक हाय. ही गाडी शिकाऊ हाताची हाय. जानकार हात हिला सोसत न्हाई."

सोपानराव ताडकन उठून बसले. त्यांचा जीव भांड्यात पडला. "मी पयल्या दिवशीच म्हनलो हुतो, गाडीत दोष हाय!"

"मग इलाज काय?" कलाबाईंनी विचारलं.

"इलाज न्हाई, काकू. शिकाऊ मानसानंच चालवायची."

गुरुवारी शिर्डीला निघताना अश्विनी स्टिअरिंगवर, सोपानराव तिच्या शेजारी आणि मागे एकट्या कलाबाई. दारं लागली. सोपानरावांनी डॅशबोर्डवर दोनदा टकटक केलं.

"काय झालं, मामा?"

"डबल बेल दिली. सोड गाडी."

अठ्ठावीस वर्षं ते कंडक्टरच्या घंटीवर थांबले होते आणि घंटीवर निघाले होते. राहुरी येईपर्यंत त्यांनी गाडी अकरा वेळा थांबवली आणि दर वेळी मागे वळून कलाबाईंना विचारलं, "हाय का कोन उतरनार?"