कासाईच्या बागेतली सिनेट

कुलथेसाहेबांनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही. बाकावर शेजारी येऊन बसले, खालपासून वरपर्यंत मला न्याहाळलं आणि म्हणाले, "तुम्ही मिशिगन."

मी म्हणालो, "मी शिंदे. धनकवडीचा."

"ते घरी. इथं मिशिगन. मोटारींचं राज्य, कामगारांचं. तुमच्या हातांना शोभेल."

माझे हात पिठाच्या गिरणीवाल्याचे आहेत. मी चौथीपर्यंत शिकलो आणि त्याची मला लाज नाही. त्याच गिरणीवर आमचा सचिन कॉम्प्युटर शिकला आणि कंपनीनं त्याला टोकियोला धाडलं. त्या काळात पुण्या-मुंबईची कॉम्प्युटरवाली पोरं थव्यानं इकडं येत होती आणि त्यांच्यामागून आम्ही, त्यांचे आईबाप. पोरं सकाळी ट्रेनला पळाली, सुना नातवंडांना सायकलवरून शाळेत सोडायला गेल्या, की आम्ही म्हातारे टोकियोच्या एदोगावा भागात, कासाई नावाच्या वस्तीतल्या बागेत जमायचो. दुसरे असते तर गुडघ्यांविषयी बोलले असते. आम्हाला तेवढी सवड नव्हती. आमची सिनेट भरायची.

अमेरिकेची सिनेट. म्हणजे तिकडचं वरचं सभागृह, जिथं कायदे होतात. हे मला कुलथेसाहेबांनीच शिकवलं. ते मुंबईत बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते. अंगात कायम इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. बागेतल्या प्रत्येक म्हाताऱ्याला त्यांनी एकेक राज्य वाटून दिलं होतं. नागपूरचे एक निवृत्त मास्तर फ्लोरिडा होते. पाटणकर काकू कॅलिफोर्निया. बाल्कनीतल्या कुंडीत वाढवलेली मेथी त्या बागेत निवडायला आणायच्या, त्यामुळे मतदान अडायचं. "कॅलिफोर्नियाचे हात मोकळे नाहीत, थांबा!" असं अध्यक्ष ओरडायचे. अध्यक्ष अर्थात कुलथेसाहेब.

विषय रोज तिकडचाच. तिथले कॉम्प्युटर कंपन्यांचे मालक म्हणतात, बाहेरची पोरं येऊ द्या, आम्हाला माणसं मिळत नाहीत. कामगारांचे पुढारी म्हणतात, बाहेरची पोरं स्वस्तात राबतात आणि आमची घरी बसतात. शिवाय कामच उचलून बंगलोरला नेतात त्याचा राग वेगळा. कुलथेसाहेब दोन्ही बाजूंची भाषणं आम्हाला वाटून द्यायचे. एकदा मला म्हणाले, "मिशिगन, उठा. तुमचे कारखाने बंद पडलेत जपानी गाड्यांमुळे. बोला."

मी बोलायला कमी नाही. उभा राहिलो आणि जपानात, जपानी बाकापुढं, जपानी गाड्यांच्या नावानं जो शंख केला! समोरून एक आजीबाई कुत्रं घेऊन चालल्या होत्या. त्या थांबल्या, कमरेत वाकल्या आणि हळूच पुढं गेल्या. मग मीही वाकलो. भाषण तिथंच संपलं. पाटणकर काकू पदर तोंडात घालून हसत होत्या.

बातम्यांसाठी साहेबांचे उद्योग विचारू नका. रद्दीच्या दिवशी इमारतीखाली लोक वर्तमानपत्रांचे गठ्ठे बांधून ठेवतात. हे पहाटेच खाली उतरायचे, इंग्रजी पेपरवाला गठ्ठा सोडायचे, हवा तो पेपर काढून घ्यायचे. एकदा इमारतीच्या रखवालदारानं पकडलं. त्याला वाटलं चोर. साहेबांनी आधी गठ्ठा पुन्हा जसाच्या तसा बांधला, वर दोरीची सुबक गाठ मारली, आणि मग माफी मागितली. तेव्हापासून रखवालदार इंग्रजी पेपर बाजूलाच ठेवायचा. साहेब त्याला 'आपला वॉशिंग्टनचा वार्ताहर' म्हणायचे.

लोक हसायचे. सचिन म्हणायचा, "बाबा, राहतात जपानात, पेन्शन हिंदुस्थानची, आणि काळजी अमेरिकेची. अवघड आहे." पण ही काळजी कशाची, ते बागेत सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबांनी ते कधी लपवलं नाही.

त्यांची मुलगी मीनल टेक्सासात होती, सॉफ्टवेअरच्या नोकरीत. तिकडं कायमचं राहायचं कार्ड मिळायला रांग असते आणि आपल्या लोकांची रांग सगळ्यात लांब. रांगेत असताना देश सोडला, तर परत आत घेतील याची खात्री नाही. तिच्याच ऑफिसातला एक मुलगा लग्नाला म्हणून पुण्याला गेला आणि परतीच्या व्हिसाचा शिक्का मिळेना म्हणून पुण्यातच अडकला. तिकडं नोकरी गेली, भाड्याच्या घरातलं सामान मित्रांनी वाटून घेतलं. तेव्हापासून मीनल जागची हलली नाही. आई गेली तेव्हासुद्धा. फोन कानाला लावून तिनं सगळं ऐकलं म्हणे, भटजींचे मंत्र संपेपर्यंत. बायकोच्या मागं साहेब धाकट्या मुलाकडं, निखिलकडं, इथं आले.

आणि त्या वर्षी तिकडच्या सिनेटीत मोठं विधेयक आलं. त्यात काय काय कोंबलं होतं ते मला कळलं नाही, पण साहेबांचं म्हणणं, ते पास झालं की मीनलची रांग हलणार. मग बागेत रोज मतदान. साहेब विचारायचे, "बाजूनं?" फ्लोरिडा हात वर करायचा, कॅलिफोर्निया मेथीची जुडी वर करायची. "विरोधात?" मी एकटा.

"मिशिगन, तुमचा आक्षेप काय?"

"आपली पोरं त्यांनी कायमची ठेवून घ्यावीत म्हणून मी हात वर करू? नाही करणार."

"अहो, पोरीची आयुष्यभराची मेहनत आहे!"

"असेल. माझा विरोध लिहून घ्या."

काकू मला रागवायच्या. "शिंदेभाऊ, खोटा खोटा तर हात वर करायचाय. त्यात काय जातं तुमचं?" पण खोटा म्हणून काय झालं? माझा हात आहे. साहेब मात्र ओरडायचे तेवढ्यापुरतं. ओरडून झालं की घरी जाताना माझ्याच बरोबर चालायचे. फ्लोरिडा त्यांच्या बाजूचा, पण फ्लोरिडाबरोबर ते कधी चालले नाहीत.

विधेयक पडलं.

आम्हाला कळलं तेव्हा इकडं सकाळ होती. बागेत सगळे आधीच येऊन बसले होते, कुणी गेल्यावर त्याच्या घरी जमावं तसे. काकूंनी मेथी आणली नव्हती, थर्मासमधून चहा आणला होता. साहेब आले. शर्टाला तशीच कडक इस्त्री. फ्लोरिडा म्हणाला, "फार वाईट झालं हो." साहेब म्हणाले, "सभागृहाचा आभारी आहे," आणि चहा न घेताच वळले. मी मागं निघालो. कुणी सांगितलं नव्हतं, पण निघालो.

स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्याला झाडं आहेत, त्याखाली ते थांबले.

"शिंदे," म्हणाले. मिशिगन नाही. "आता वर्षानुवर्षं या विषयाला कुणी हात लावणार नाही. संपलं ते."

"वाईट झालं," मी म्हणालो. माणसानं एवढं तरी म्हणावं.

"तुम्ही तरी म्हणू नका. तुमचा विरोध होता." मग म्हणाले, "माझाही होता."

"म्हणजे?" मी विचारलं.

"पास झालं असतं तर ती तिकडचीच झाली असती. पडलं तर कंटाळेल, परत येईल. मुंबईचं घर आहे. रोज तुम्ही हात वर केलात की मला बरं वाटायचं. आणि रोज तिला फोनवर सांगायचो, आज आणखी एक मत आपल्याकडं आलं. आता तिचा फोन यायचाय आणि मला तोंड नाही."

"मग आपणच करा फोन. सरळ सांगा, पोरी, घरी ये. बाप आहात."

ते त्यांना पटलं. त्यांच्या चेहऱ्यावर मला ते दिसलं. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन त्यांनी परदेशी फोनचं कार्ड घेतलं. दुकानाबाहेर कार्ड घालून बोलायचा हिरवा सार्वजनिक टेलिफोन होता. लांबलचक आकडे त्यांना तोंडपाठ होते, तरी दोनदा चुकले. मी बाजूला होऊ लागलो तर बाहीला धरून मला तिथंच उभं केलं.

"मने, मी बोलतोय," ते म्हणाले. पुढं बोलत होती तीच. हे नुसते ऐकत होते. तिकडचे शब्द मला नीट ऐकू येत नव्हते, पण रडणं काय, कुठल्याही टेलिफोनातून कळतं. साहेबांचा अंगठा टेलिफोनच्या वायरीत गुरफटला होता, तो त्यांना सोडवता येईना. मी खुणेनं म्हणालो, बोला, बोला.

त्यांनी घसा साफ केला.

"हे बघ मने, रडायचं नाही. तुला आकडे कळत नाहीत, मला कळतात. पडलं कुठं? मागं ठेवलंय. असंच करतात ते. पुढच्या खेपेला दक्षिणेकडचे दोघे येतायत आपल्याकडं... हो, पक्के. मी वाचलंय ना! आणि तो म्हातारा विरोध करत होता ना, तोही वळलाय... अगं, मिशिगनचा. फार हट्टी, पण वळला. माझ्यासमोर वळला." हे म्हणताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "तू तिथंच थांब. आता हलायचं नाही. एवढी वर्षं काढलीस, आता थोडक्यासाठी... नाही, नाही, मी एकटा कुठं आहे? इथं मला जेवायला फुरसत नाही. जेवलीस का? मग आधी जेव. काहीतरी गरम कर."

त्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला. कार्ड बाहेर आलं आणि टेलिफोन पीप-पीप वाजत राहिला, शेवटी कार्ड मीच काढून त्यांच्या हातात दिलं. आत दुकानातली मुलगी इथल्या रीतीनं सगळ्या गिऱ्हाइकांना ओरडून नमस्कार करत होती.

मला खूप काही बोलायचं होतं. मी तोंडाचा फटकळ माणूस आहे. पण साहेब दुकानाच्या काचेतून आतल्या घड्याळाकडं बघत होते.

"तिकडं रात्र झाली," ते म्हणाले. "झोपेल आता ती."