चालतं झुंबर

आमच्या घरात आरडाओरडा करून काही ठरत नाही. मी ठरवते, आणि मी ठरवलंय हे कुणाला कळतसुद्धा नाही! लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून रोज पहाटे अंघोळ करून फुलांचे द्रोण ठेवते. देवळीत, चुलीपाशी, विहिरीपाशी, दारात. पौर्णिमा-अमावास्येला उपास. खोटं बोलायचं नाही आणि आवाज चढवायचा नाही, ही दोन व्रतं तर बारमाही! एवढी पुण्याई गाठीशी असताना नवऱ्याच्या तीन सायकलींचा निकाल लावणं म्हणजे माझ्या हातचा मळ!

असं मला वाटत होतं.

त्या तीन सायकली म्हणजे खरं तर तीन सांगाडे. डोंगरात चालवायच्या जुन्या सायकलींचे. चाकं नाहीत, सीट नाही, आणि टांगलेले कुठे? तर अंगणाच्या पूर्वेकडच्या मंडपात, जिथे बसून मी देवाची ताटं रचते! गावच्या देवळाचा उत्सव तोंडावर आलेला, फळांचे मनोरे रचायची पाळी माझी. मनोरा डोक्यावर घेऊन उभी राहिले की वरचा पेरू थेट लाल सायकलीच्या पोटात!

आमच्या नेंगाहनी, म्हणजे नवऱ्याने, शब्द दिला होता. एक सायकल ठरली की बाकीच्या दोन धाकट्या भावाला, सुदिआर्ताला, देऊन टाकायच्या. मंडप मोकळा! पण ठरेल तर ना! त्यांच्याकडे जमवलेले जुने भाग एकाच सायकलीपुरते. रोज संध्याकाळी पेटी उघडायची, एकेक भाग तिन्ही सांगाड्यांना लावून बघायचा आणि सुस्कारा सोडायचा.

“लालला ब्रेक बसतात, पण सीटचा दांडा बसत नाही. करडीला दांडा बसतो, पण तिचा मागचा ब्रेक भलत्याच जागी, पार खाली पेडलपाशी!”

“आणि निळीला, ब्ली?” मी विचारायची. आमच्याकडे नवऱ्याला आणि थोरल्या भावाला ‘ब्ली’च म्हणतात.

“निळीला सगळंच बसतं गं. मग त्यात मजा काय?”

हा माणूस नवरी पसंत करायला गेला असता तर अजून मुली बघतच फिरला असता! मला तर वाटतं, आमचं लग्न त्यांच्या आईने ठरवलं म्हणूनच झालं.

एके दिवशी भात कालवता कालवता मला म्हणाले, “लुह, माझं डोकं चालेनासं झालंय. आता देवानेच कौल द्यावा.”

देवाने! माझ्या कानात घंटाच वाजली. शनिवारी तुंपेक लांदेप होता. त्या दिवशी घरातल्या लोखंडाची पूजा. कट्यार, कोयता, मोटरसायकल, झालंच तर भाताचा कुकर. आणि पूजेची मांडामांड कुणाच्या हातात? माझ्या! ठरलं. माडाच्या कोवळ्या पानांचं एक देखणं झुंबर विणायचं आणि नेमकं निळीच्या गळ्यात बांधायचं. बाकी दोघींना साधे द्रोण. खोटं तर काहीच बोलायचं नव्हतं. पानं थोडीच बोलतात! शिवाय निळीला पुढे टोपली छान बसली असती. देवळात जायला. पण ते जाऊ दे.

शनिवारी उजाडता उजाडता झुंबर बांधलं आणि मी मुकाट्याने देवळीकडे वळले. उदबत्ती लावतेय तोवर मंडपातून हाक आली.

“लुह! निळी! झुंबर निळीवर आहे! मी पेटी घेऊन येतो!”

मी मनातल्या मनात हसले. बघा, आवाज चढवावा लागला का?

दुसरी उदबत्ती पेटवतेय तोच पेटी आपटल्याचा आवाज. नट-बोल्ट अंगणभर! नेंगाह मंडपात थिजून उभे.

“लुह... लालवर आहे.”

“काय?”

“झुंबर! मघाशी निळीवर होतं. आता लालवर!”

मी जाऊन पाहिलं. लालवरच होतं! पहाटेच्या अंधुक उजेडात मीच चुकले की काय? पण मग नेंगाहना निळीवर दिसलं कसं? माझं डोकं नारळासारखं झालं, वरून घट्ट आणि आत नुसतं पाणी!

तेवढ्यात सुदिआर्ता त्याच्या खोलीतून डोळे चोळत आला. सगळं ऐकून घेतलं आणि भावाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, “ब्ली, तू पाणी पी. तुला झोप नाही मिळालेली. म्बोक,” हे मला, वहिनीला, “याला कॉफी द्या. मी बघतो इथे.”

मी कॉफी दिली. कप अर्धा होतो न होतो, तोच दीर ओरडला, “ब्ली! ये, ये! करडीवर!”

नेंगाहनी कॉफी धोतरावर सांडली. देवांना माझी चलाखी कळली होती. त्यांच्या नावाने कौल मी दिला, आता ते मला खेळवत होते! एवढ्या वर्षांचे उपास एका झुंबरापायी पाण्यात?

“संकेत चालतोय!” नेंगाह रस्त्यावर धावले. “आमच्या घरी संकेत चालतोय!”

पाच मिनिटांत अंगण गच्च. शेजारच्या बायका डोक्यावरच्या ताटांसकट आल्या. सासूबाईही लाडवांचं ताट घेऊन येऊन उभ्या. कुणीतरी करडीला नमस्कारही केला. एक म्हातारी म्हणाली, आता झुंबर मोटरसायकलवर जाणार, बघत राहा! आणि सगळे खरंच बघत राहिले. पूजेला मोटरसायकल घेऊन आलेला शेजारी घाबरून ती बाहेर ढकलायला लागला.

पुजारी जेरो मांकू आले. पांढरं धोतर सावरत त्यांनी तिन्ही सांगाड्यांना एक फेरी मारली आणि विचारलं, “मुळात हे बांधलं कुणी?”

“मी,” मी म्हटलं.

“कुणी बांधलं?” त्यांनी पुन्हा विचारलं.

“मी बांधलं, जेरो मांकू. निळीवर.”

“कुणीच नाही?” नेंगाह म्हणाले. “ऐकलंत? कुणीच बांधलं नाही!”

कोंबडा आरवतोय, बायका कुजबुजताहेत, कुत्रं भुंकतंय. मी तिसऱ्यांदा म्हटलं. शेजारीण माझ्याकडे वळून म्हणाली, “हो गं बाई, तूही मंत्र म्हण.”

आता गप्प बसणं म्हणजे खोटं बोलण्यासारखंच, आणि सांगायचं तर ओरडणं आलं. दोन व्रतं समोरासमोर उभी! मी डोळे मिटले, देवाची क्षमा मागितली आणि ओरडले,

“मीऽऽ बांधलं!”

कोंबडा गप्प. कुत्रं मंडपाखाली. सासूबाईंच्या हातातलं ताट खाली, तांदळाचे लाडू गडगडत जेरो मांकूंच्या पायाशी.

“मी फक्त लालवर सरकवलं रे देवा!” सासूबाई रडकुंडीला आल्या. “ती आधी घरात आली. थोरलीचा मान आधी नको का? मला वाटलं, सुनेची चूक झाली!”

सगळ्यांच्या माना सुदिआर्ताकडे वळल्या. तो छताकडे बघत होता.

“लाल मला मिळावी म्हणून,” तो पुटपुटला. “मी करडीवर अडकवलं.”

जेरो मांकू इतके हसले की त्यांना खांब धरावा लागला. डोळे पुसत म्हणाले, “पूजा तिघींची झाली. आता एवढंच करा, आजचा दिवस यातली एकही घराबाहेर काढू नका.”

गर्दी पांगल्यावर नेंगाह माझ्याजवळ बसले. “निळीच हवी होती तर सांगायचं ना, लुह!”

“सांगितलं होतं.”

“कधी?”

“तुम्ही पेटी उघडायचात तेव्हा. जेवतानाही.”

“मला कसं ऐकू आलं नाही?”

“मला यायचं ऐकू,” सासूबाई म्हणाल्या. “मला वाटायचं, प्रार्थना करतेय!”

निळी तयार झाली. पुढे टोपलीही बसली. पण बाकीच्या दोन मात्र अजून तिथेच. विषय काढला की नेंगाह म्हणतात, “जेरो मांकूंनी काय सांगितलंय? घराबाहेर काढू नका!” ‘आजचा दिवस’ तेवढं ते विसरले. उत्सवाचे सगळे मनोरे मी स्वयंपाकघराच्या ओसरीवर वाकून रचले.

काल मंडपात गेले तर नेंगाह शिडीवर. निळीच्या रिकाम्या जागी कुठूनसा आणलेला हिरवा सांगाडा टांगत होते.

“ब्ली, इथे नको,” मी म्हटलं. हळूच म्हटलं. व्रत आहे ना!

ते खिळा ठोकतच राहिले. तेवढ्यात ओसरीवरून सासूबाईंचा आवाज आला, “हळू ठोक रे, नेंगाह! तिची प्रार्थना चाललीय!”