मर्लचा पहिला गिअर

मर्ल युर्गन्सने जुना पिकअप विकला मंगळवारी, आणि गुरुवारी सकाळी साडेसातला त्याला त्याचा पश्चात्ताप झाला. मधला बुधवार तेवढा बरा गेला, कारण बुधवारी तो नवी गाडी गावभर मिरवत होता आणि गाईंना आदल्या दिवशीच दुप्पट चारा घालून ठेवला होता.

मर्लचं वय एकाहत्तर. नेब्रास्कातल्या आमच्या वाळूच्या टेकड्यांत त्याच्या साठ लाल हिअरफर्ड गाई आहेत, आणि त्या गाईंखेरीज त्याला जगात दुसरं काही फारसं दिसत नाही. दिसायला हवं होतं, पण ते पुढे येईल. या गाईंवर नोव्हेंबरात संकट आलं. थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला ओमाहाहून मुलगी आली, टॅमी. टर्कीचा दुसरा तुकडा वाढून घेता घेता ती म्हणाली, "बाबा, त्या खटाऱ्यात तुम्ही बर्फात एकटे फिरता. पायाखालच्या पत्र्याला भोक आहे! एक तर नीट, सुरक्षित गाडी घ्या, नाहीतर मार्चमध्ये गाई विका. आणि एकट्याला जमत नसेल, तरी विका. मी दर रविवारी फोन करून विचारणार आहे."

"जमतंय मला," मर्ल म्हणाला.

त्याची बायको आर्डिस उठली. तिने भोपळ्याचा गोड पंपकिन-पाय कापला आणि सगळ्यात लहान तुकडा मर्लला दिला.

आता तो खटारा म्हणजे काय होतं, ते सांगायला हवं. शहात्तर सालचा पिकअप, हाताने टाकायचे चार गिअर. त्यातला पहिला इतका संथ, की रस्त्यावर तो कुणी वापरतच नाही, तिथे दुसऱ्यावरच निघायचं. पहिला असतो कुरणासाठी. तो टाकायचा, क्लच सोडायचा, सुकाणू सरळ धरून ठेवायचं आणि चालत्या गाडीतून खुशाल खाली उतरायचं. गाडी आपली एकटी, गाईच्याच चालीने पुढे जात राहते. आपण मागे चढायचं, गवताच्या गाठींची सुतळी कापायची आणि गवत खाली टाकत जायचं. गाई मागून रांगेने खात येतात. कुंपण जवळ आलं की उतरून, चालत पुढे जाऊन, दार उघडून वळवायची. आमच्याकडे एकटा माणूस असाच चारा घालतो. बाहेरच्या माणसाने पाहिलं तर त्याला भूत गाडी चालवतंय असं वाटेल.

तर मर्ल गाडी बघू लागला, आणि सकाळच्या कॉफीला जमणाऱ्या मंडळींना हिवाळाभर पुरेल असा विषय मिळाला.

"सहा सिलिंडरचं टर्बो घेतो म्हणतोय," मर्ल म्हणाला. "पेट्रोल कमी खातं."

"सहा?" शेजारच्या कुरणाचा मालक गेलन टस्का सिनॅमन रोल तसाच हातात धरून थांबला. "मर्ल, शिलाई मशीन घ्यायचंय की पिकअप?"

मंडळी हसली. मर्लने दुसऱ्या दिवशी आठ सिलिंडरचं ठरवलं.

"आठ बरं आहे," गेलन म्हणाला. "चर्चला जायला. गुरांचा ट्रेलर ओढायचा असेल तर बाबा डिझेल लागतं. पण तुला काय ओढायचंय म्हणा! वय झालं आता."

झालं. मर्ल तडक गाड्यांच्या शोरूममध्ये गेला आणि सगळ्यात मोठं डिझेल इंजिन मागितलं.

"उत्तम निवड, मिस्टर युर्गन्स," विक्रेता म्हणाला. "त्याच्याबरोबर दहा गिअर येतात, सगळे आपोआप पडणारे."

"हाताने टाकायचे नाहीत?"

"ते आता कुठल्याच मोठ्या पिकअपला नाहीत. पण काळजी कशाला? ही गाडी सगळा विचार स्वतः करते."

मर्लला वाटलं, चारावरून दहा मिळतायत, तोटा कसला? गिअर म्हणजे काय पाय आहेत, जास्त तेवढे चांगले! नवी गाडी मंगळवारी दुपारी आली. जुनी गेलनने विकत घेतली होती, संध्याकाळी तो ती न्यायला आला. मर्लने किल्ली त्याच्या हातात ठेवत म्हटलं, "घेऊन जा हे लोखंड. मला आता दहा आहेत." हे वाक्य पुढे त्याला फार महागात पडलं.

गुरुवारी सकाळी तापमान उणे बारा होतं. मर्लने वीस गाठी भरल्या, गाडी कुरणात नेली, हॉर्न वाजवला. आमच्याकडे गाईंना जेवणाची वर्दी हॉर्नवरच जाते. गाई आल्या. मर्लने सगळ्यात खालचा गिअर लावला, सीटचा पट्टा सोडला, दार उघडलं आणि एक पाय खाली टाकला.

गाडी गचकन थांबली. पडद्यावर पार्किंगचं मोठं 'P' उमटलं आणि आतून टिंग टिंग सुरू झालं. चालक उतरतोय हे तिला समजलं होतं आणि तिने स्वतःचा स्वतः ब्रेक लावला होता. सुरक्षित गाडी होती ना!

मर्लने पुन्हा केलं. पुन्हा गचकन, पुन्हा टिंग टिंग. चार वेळा झाल्यावर त्याने दहा पावलं गाडी पुढे घ्यायची, उतरायचं, मागे चढायचं, एक गाठ टाकायची, उतरायचं, पुढे यायचं, असं सुरू केलं. सहाव्या गाठीला त्याचा डावा गुडघा बोलायला लागला. गाई मात्र पहिल्याच ढिगाभोवती गर्दी करून एकमेकींना ढुशा देत होत्या.

'असं आहे काय?' मर्ल मनात म्हणाला. 'दार उघडलं की थांबतेस ना? मग दार उघडतंय कोण!'

त्याने पट्टा रिकाम्या सीटवरून ओढून लावून टाकला आणि त्याच्यावर बसला. खालच्या गिअरात गाडी चालू केली. खिडकीची काच पूर्ण खाली घेतली आणि डोकं बाहेर काढलं.

डोकं निघालं. खांदेही निघाले. पण आर्डिसने बजावल्याप्रमाणे त्याने आत दोन स्वेटर, वर जाड डगला आणि त्याखाली छातीपर्यंत येणारा जाड अस्तराचा पायजमा घातला होता. तो पोटावर अडकला. अर्धा मर्ल नेब्रास्काच्या थंडीत आणि अर्धा गरम होणाऱ्या सीटवर. सुटायला त्याने पाय झाडले तशी एक टाच सुकाणूच्या चाकात गेली, चाक डावीकडे फिरलं, आणि दुसऱ्या बुटाचा भार बरोबर हॉर्नवर पडला.

नव्या गाडीचा हॉर्न, तोही डिझेलचा दणकट! ढिगापाशी भांडणाऱ्या साठ गाईंनी माना वर केल्या. गाडी मोठं वर्तुळ घेत फिरू लागली. मागे गाठी, गाठींमागे गाई. पुढच्या दोघी-तिघी तर धावता धावताच मागच्या फळीतून गवत ओढून खायला लागल्या.

"हो! होऽ! थांब!" मर्ल ओरडत होता. गाडी सगळा विचार स्वतः करत होती, पण हा विचार तिच्यात कुणी घातला नव्हता.

तो हॉर्न गेलनच्या कुरणातही ऐकू गेला. गेलनच्या काळ्या अँगस गाईंची न्याहारी अजून व्हायची होती. त्यांनी काटेरी तारेचं कुंपण जरासं दाबून पाहिलं, तीन खांब आडवे झाले, आणि दुसऱ्या फेरीला मर्लच्या मिरवणुकीत पंचेचाळीस काळ्या गाई सामील झाल्या.

स्वयंपाकघराच्या खिडकीत आर्डिस भांडी विसळत होती. चाळीस हिवाळे ती याच खिडकीतून नवऱ्याला चारा घालताना बघत आली होती. तिने हात पुसले, बूट चढवले, कुरणातून सरळ चालत आली, गाडी जवळून जाताना दुसऱ्या बाजूचं दार उघडून आत बसली आणि इंजिनाचं बटण तीन सेकंद दाबून धरलं. गाडी थांबली. तिने नवऱ्याचे पाय धरून त्याला आत ओढलं.

"पान एकशे चौऱ्याण्णव," ती म्हणाली. "संकटकाळी बटण दाबून धरावे."

"तू ते गाडीचं पुस्तक वाचलंस?"

"मंगळवारी दुपारी. चालक उतरला की गाडी आपोआप थांबते, ते पान दोनशे बारा."

मर्लचा श्वास अजून जागेवर आला नव्हता. "मंगळवारी दुपारी? म्हणजे गेलन यायच्या आधी? अगं, मग बोलली का नाहीस?"

"तू गेलनला विचारलंस, कॉफीवाल्या सगळ्यांना विचारलंस, त्या विक्रेत्याला विचारलंस," आर्डिस म्हणाली. "मला वाटलं, माझी पाळी येईल."

तेवढ्यात गेलन आला, आणि आला तो शहात्तरच्या पिकअपमधून. लाल गाई आणि काळ्या गाई वेगळ्या करण्यात दुपार गेली. गेलन त्या सबंध वेळात हसला नाही, आणि तेच मर्लला जास्त लागलं.

शुक्रवारी मर्ल गेलनच्या दारात उभा राहिला. असं कुणाच्या दारात उभं राहणं त्याच्या फार जिवावर आलं होतं. परवा रविवार, टॅमीचा फोन येणार, आणि टॅमीशी खोटं बोलणं त्याला कधी जमलेलं नव्हतं.

"गेलन, माझी गाडी मला परत दे."

"नाही."

"दिलीस त्या किमतीच्या दुप्पट घे. तिप्पट घे!"

"अरे, दुप्पट-तिप्पटीचं नाही रे." गेलन पायरीवर बसला आणि टोपी काढून त्याने गुडघ्यावर ठेवली. "माझी जॉइस होती तोवर गाडी तीच चालवायची. मी मागे, ती पुढे. ती गेल्यावर दोन हिवाळे मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. कॉफीवर तुला चढवत होतो, ते का वाटलं तुला? मला तुझा तो पहिला गिअर हवा होता. तू दुसरी गाडी घेतल्याशिवाय ही जुनी मला मिळाली नसती." तो जरा थांबला. "मी वाईट वागलो, कबूल. पण ज्याच्या घरात माणूस नाही त्याला तो गिअर लागतो, मर्ल. तुझ्या घरात आहे."

मर्ल परत निघाला तो नव्या गाडीत, गरम सीटवर. सगळा रस्ता त्याला अगदी अपराध्यासारखं वाटत होतं. त्र्याऐंशी सालापर्यंत चारा घालताना गाडी आर्डिसच चालवायची. मग एका सकाळी तिचा पाय क्लचवरून सटकला, गाडीने हिसका दिला आणि मर्ल गवतावरून थेट ताज्या शेणात पडला. तेव्हा तो उठून म्हणाला होता, "तुझ्यापेक्षा तो पहिला गिअर बरा! तो तरी धड चालतो." दुसऱ्या दिवसापासून तो एकटा जायला लागला. वाक्य केवढंसं, पण त्यावर त्याने चाळीस हिवाळे काढले होते. आणि तिनेही.

शनिवारी न्याहारीला त्याने तीन वेळा घसा खाकरला.

"आज वारा नाही फारसा," तो म्हणाला.

"नाहीये," आर्डिस म्हणाली.

"सीट गरम होते त्या गाडीची."

"पान अठ्ठ्याऐंशी."

मर्लने अंड्याकडे बघत म्हटलं, "आर्डिस, चालवशील का?"

आर्डिसने उठून डगला घातला. बूट तिने आधीच घातलेले होते, हे त्याला तेव्हा दिसलं.

ती छान चालवत होती. सरळ, संथ, एक गचका नाही. वळताना आधी काच खाली करून सांगायची, "धर रे, वळतेय." गाई लांब रांगेने खात आल्या. शेवटची गाठ टाकून मर्ल खाली उतरला आणि तिच्या खिडकीशी येऊन उभा राहिला.

"ते मी तेव्हा बोललो," तो म्हणाला, "गिअरबद्दल. बोलायला नको होतं. चुकलं माझं."

आर्डिस समोरच्या काचेतून बघत राहिली. "त्या दिवशी तू काय काय बोलत होतास, आठवतंय? मागे बसून सबंध सकाळ, डावीकडे घे, उजवीकडे घे, डोळे आहेत की भोकरं. आणि शेवटी म्हणालास, खेचराला लवकर कळलं असतं."

"असेन म्हणालो. पण म्हणून तुझा पाय सटकला, त्यावर मी एवढं—"

"माझा पाय सटकला नव्हता, मर्ल."

मर्लने टोपी मागे सरकवली.

"सोडला होता मी. शेण पाहून सोडला होता." तिचा आवाज जरा ओला झाला. "वाटलं, दोन दिवस रुसशील. चाळीस वर्षं रुसशील असं कुठे वाटलं होतं? नाहीतर सोडला नसता रे."

मर्लने डगल्यावरचं गवत झटकलं. मग मर्ल पलीकडून येऊन तिच्या शेजारच्या सीटवर बसला. चाळीस वर्षांत त्या बाजूला तो पहिल्यांदाच बसला होता, आणि पट्टा लावेपर्यंत गाडी त्याला टिंग टिंग करून सांगत राहिली.

रविवारी चर्चमधून आल्यावर टॅमीचा फोन आला.

"बाबा, खरं सांगा. एकट्याला जमतंय का?"

"नाही," मर्ल म्हणाला. "एकट्याला नाही जमत."

तिकडे खुर्ची सरकली. मग हलक्या आवाजात, "मग गाई..."

"गाई राहतील. तुझी आई चालवते, मी गवत टाकतो."

"आई? पण बाबा, तुम्हीच तर आम्हाला लहानपणापासून सांगत आलात, आईला क्लच सोडता येत नाही म्हणून!"

मर्लने आर्डिसकडे पाहिलं. ती पंपकिन-पाय कापत होती.

"ते माझं चुकलं, टॅमी," तो म्हणाला. "उत्तम सोडता येतो तिला."

आर्डिसने त्याच्या ताटलीत तुकडा वाढला. या वेळचा मोठा होता.