खाट मोठी की दार लहान

ऑफिसात त्यांना सगळे चौकशीसाहेब म्हणत. साहेब ते नव्हते, विमा कंपनीत दावे तपासणारे साधे कारकून होते. पण चौकशी त्यांच्या रक्तातच होती. घरात प्रेशर कुकर घ्यायचं ठरलं तेव्हा त्यांनी इतके दिवस माहिती काढली, की शेवटी बायको एकटीच जाऊन कुकर घेऊन आली आणि त्याच संध्याकाळी त्यात बटाटे उकडून मोकळी झाली. (बटाटे चांगले उकडले होते. शिट्टीबद्दल मात्र त्यांच्या मनात अजून शंका आहे.)

अशा माणसावर खाट कापायची वेळ आली.

खाट त्यांच्या आईवडिलांची. अप्पा, म्हणजे त्यांचे वडील, आयुष्यभर वेल्डर होते. लग्न झालं, भाड्याच्या दोन खोल्या मिळाल्या, तेव्हा त्यांनी लोखंडी पाईप आणून आतल्या खोलीतच खाट जोडली. उशाशी उंच कठडा, पायथ्याशी उंच कठडा, सगळं पक्कं वेल्ड केलेलं, नटबोल्ट औषधालाही नाही. हत्ती झोपला तरी कुरकुरणार नाही अशी खाट झाली. ती दारातून कधी बाहेर निघणार नाही, हे मात्र पुढे भिंतींना रंग द्यायची वेळ आली तेव्हा कळलं, आणि तेही आईला. तेव्हापासून पाहुणे आले की ती गंभीर चेहऱ्याने विचारायची, "खाट मोठी की दार लहान?" अप्पा तितक्याच गंभीरपणे सांगायचे, "दार लहान." भांडण झालं, अबोला धरला, तरी तो मोडायचा तो याच प्रश्नाने.

आई गेली आणि अप्पांचं हसणं तिच्याबरोबर गेलं. त्यात इमारत पाडायचं ठरलं. शेजारी एकेक करून निघून गेले, वीज तोडली, जिन्यात विटांचे तुकडे पडू लागले. अप्पा आपले खाटेवर बसून होते. मुलाने समजावलं, सुनेने समजावलं, ठेकेदारही येऊन हात जोडून गेला.

"खाट येत असेल तर मी येतो," अप्पा म्हणाले.

"अप्पा, ती दारातून निघत नाही."

"मग मीही निघत नाही."

वडील ढिगाऱ्याखाली गाडले जातील, ही भीती आता नुसती म्हणायची राहिली नव्हती. चौकशीसाहेबांना रात्रीची झोप लागेना. शेवटी बायकोनेच मार्ग काढला. खाट मधोमध कापायची, दोन तुकडे आपल्या घरी आणायचे आणि तिथे पुन्हा जोडायचे. अप्पांनी बराच वेळ पाईपवरून हात फिरवला आणि मान डोलावली.

"पण ग्राइंडर लावायचा नाही. तो लोखंड खातो, कडा जाळतो. बँडसॉने काप. बारीक चीर पडते, पुन्हा नीट जुळते."

"तुम्हीच कापा ना. माझा हात..."

"मी जोडली," अप्पा म्हणाले. "माझ्याने कापवणार नाही. आणि परक्याचा हात तिला लागायला नको."

आता बँडसॉ म्हणजे चाकांवर फिरणारी दातेरी पोलादी पट्टी, एवढं चौकशीसाहेबांना त्याच दिवशी समजलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांना दुसरं काही समजेनासं झालं. तिकडे वीज नाही, म्हणजे बॅटरीवरचा हवा. खोलीत वळायला जागा नाही, म्हणजे आटोपशीर हवा. करवतीचं तोंड पाईपपेक्षा मोठं हवं, म्हणून त्यांनी टेप घेऊन पाईप वरून मोजला, खालून मोजला, आणि पाईप गोल असतो हे बायकोने सांगेपर्यंत आडवाही मोजला. जेवताना ते ब्लेडच्या दात्यांबद्दल बोलत. पातळ पाईपला बारीक दाते लागतात, दोन-तीन दाते एका वेळी पाईपच्या जाडीवर टेकले पाहिजेत, नाहीतर अडकून तुटतात. बायको ऐकून घेई. सासरे सुखरूप घरी यावेत, त्यासाठी ती दातेसुद्धा ऐकायला तयार होती.

हत्यारांच्या दुकानात त्यांनी एकेक यंत्र उचलून पाहिलं.

"काय कापायचंय?" दुकानदाराने विचारलं.

"खाट."

"कुणाची?"

"आईची."

दुकानदाराने त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. "आईंना विचारलंय का?"

"ती नाही आता."

दुकानदार वरमला. नंतर त्याने काहीही विचारलं नाही, आणि चौकशीसाहेबांचं नुकसान झालं ते नेमकं तिथे. खोक्यांवरची वजनं ताडून पाहून त्यांनी सगळ्यांत हलकं यंत्र निवडलं. एवढं हलकं यंत्र एवढ्या मोठ्या दुकानात इतर गिऱ्हाइकांच्या नजरेतून कसं सुटलं, याचं त्यांना घरी येईपर्यंत नवल वाटत होतं.

बायकोने खोकं उघडून आत हात घातला, मग पूर्ण पालथं केलं.

"अहो, बॅटरी कुठाय?"

"आतच असेल."

"आत माहितीपत्रक आहे. खाट त्याने कापायची का?"

माहितीपत्रकात पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की बॅटरी आणि चार्जर वेगळे घ्यावेत. चौकशीसाहेब पुन्हा दुकानात गेले. दुकानदाराने न विचारता चार्जर आणि बॅटरी काढून दिली, मघाच्याच दुःखी चेहऱ्याने. ती लावल्यावर यंत्र हलकेपणात पहिल्या क्रमांकावरून बरंच खाली घसरलं.

शेवटी सुट्टीच्या दिवशी सकाळी, मुलीला आजोळी पाठवून, ते आणि बायको अप्पांच्या खोलीत पोचले. गादी काढली, फळ्या काढल्या, खाली विटा रचल्या. अप्पा मात्र उठेनात. खाटेच्या कडेच्या पाईपवर, मधोमध, ते हात बांधून बसले.

"अप्पा, जरा उठता का?"

"काप की. मी काय आड येतोय?"

वडिलांना उठ म्हणायची हिंमत चौकशीसाहेबांत कधीच नव्हती. त्यांनी चष्मा पुसला, मनात आईची क्षमा मागितली आणि अप्पांपासून वीतभर अंतरावर पातं टेकवलं. यंत्र घुमलं. चीर खरोखरच बारीक पडत होती. पण पाईप निम्म्याच्या पुढे कापला गेला तसा अप्पांच्या भाराने तो किंचित वाकला, चिरेने दात आवळल्यासारखं पातं पकडलं आणि यंत्र गप्प झालं. ओढलं तरी निघेना, सोडलं तरी पडेना.

"अडकलं," चौकशीसाहेब म्हणाले.

"तिला जायचं नाहीये," अप्पा म्हणाले.

 सून पुढे झाली आणि सासऱ्यांच्या शेजारी उभी राहिली. "अप्पा, आईंना जायचंय. तुम्ही बसलाय म्हणून अडकलंय. उठा, मी चहा आणलाय थर्मासमध्ये."

अप्पा उठले. पाईप सरळ झाला, पातं सुटलं. दोन्ही बाजूंचे पाईप कापून झाले तेव्हा अप्पा भिंतीकडे तोंड करून चहा पीत होते. चहा संपल्यावरही ते कप तोंडाला लावून राहिले. चौकशीसाहेबांना वाटलं, आपण वडिलांचं घर वाचवायला आलो की मोडायला. त्यांचे डोळे भरून आले. (लोखंडाचा कीस गेला, असं त्यांनी टेम्पोवाल्याला सांगितलं.)

दोन्ही तुकडे जिन्याने वर चढून चौकशीसाहेबांच्या घरात आले. अप्पांसाठी मागची खोली लावून ठेवली होती. खोलीची लांबी-रुंदी मोजून, खाट खिडकीपासून किती अंतरावर येईल याच्या खुणाही चौकशीसाहेबांनी फरशीवर खडूने केल्या होत्या. दुसऱ्या दिवशी अप्पांच्या जुन्या कारखान्यातून वेल्डिंगचं मशीन आलं. चौकशीसाहेबांनी रजा घेतली होती, बायको कामावर गेली होती.

"कुठे जोडायची?" अप्पांनी विचारलं.

याचा चौकशीसाहेबांनी पूर्ण अभ्यास केला होता. "इथे, हॉलमध्ये. वेल्डिंग हवेशीर जागी करावं. मागच्या खोलीची खिडकी लहान आहे, धूर कोंडेल."

अप्पांनी तोंडावर काच धरली. कितीतरी महिन्यांनी ते काही करत होते. जोड इतका सुरेख बसला की चौकशीसाहेबांनी बोट फिरवलं तरी चीर सापडेना. आपण निवडलेल्या बारीक दात्यांचं हे यश आहे, असं ते अप्पांना दोनदा म्हणाले.

संध्याकाळी बायको आली. दारातच थांबली. तिने खाटेकडे पाहिलं, मग मागच्या खोलीच्या दाराकडे, मग पुन्हा खाटेकडे.

"छान झालीये," ती म्हणाली. "आता आत कशी न्यायची?"

बापलेकांनी एकमेकांकडे पाहिलं. चौकशीसाहेब टेप घेऊन आले आणि त्यांनी दार मोजलं. मग खाट मोजली. मग दार पुन्हा मोजलं, न जाणो रुंदावलं असेल.

बायको खाटेवर सासऱ्यांच्या शेजारी जाऊन बसली. चेहरा अगदी गंभीर.

"अप्पा, खाट मोठी की दार लहान?"

अप्पांनी खाली पाहिलं. त्यांची हनुवटी थरथरली.

"दार लहान," ते म्हणाले, आणि मग त्यांना हसू आलं. एकदा आलं ते थांबेचना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. ते अख्खे हलत होते, पण खाट कुरकुरली नाही.

चौकशीसाहेब लगबगीने करवतीचं खोकं घेऊन आले. "बॅटरी चार्ज आहे, अप्पा. दोन मिनिटांत कापतो."

"खाली ठेव ते," अप्पा डोळे पुसत म्हणाले. "मी इथेच झोपीन. येणारे-जाणारे दिसतात. करवत तेवढी जपून ठेव. पुढे तुझ्या मुलीला लागेल."

चौकशीसाहेबांनी मान डोलावली.  मग त्यांनी खिशातून चष्मा काढला, खोक्यातलं माहितीपत्रक उलगडलं आणि बॅटरी तोपर्यंत टिकेल का, हे पाहायला सुरुवात केली.