स्टिअरिंगचा पाहुणचार

आमच्या गाडीतून काढलेला जुना भाग भंगारात जात नाही. तो निवृत्त होतो आणि ज्याने त्याचा नट सोडवला त्याच्या घरी राहायला येतो. आमच्या गावात सगळ्याच गाड्यांचं असं आहे, त्यामुळे त्यात मुद्दाम सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं आहे ते स्टिअरिंगबद्दल.

इथले गॅरेजवाले हवा भरतात, ऑइल बदलतात, फार तर काच पुसून देतात. पाना मात्र गिऱ्हाइकाच्या हातात ठेवतात आणि स्वतः मागे सरकून उभे राहतात. कोपऱ्यावरच्या अस्लमभाईंनी तरुणपणी उत्साहाच्या भरात एका ट्रकचं इंजिन उतरवलं होतं. ते इंजिन अजून त्यांच्या हॉलमध्ये आहे आणि अस्लमभाई पायरीवर बसून जेवतात. तेव्हा गाडी जुनी असली की माणसाला सगळं स्वतःच शिकावं लागतं. मीही शिकलो. नोकरी संपल्यावर लोक बागकाम करतात, नातवंडांना शाळेत सोडतात. मी गाडीखाली आडवा झालो, तो अजून नीट उभा राहिलेलो नाही.

गाडी तशी चांगली आहे. दुधी रंगाची, चौकोनी, आम्ही लग्नानंतर हौसेने घेतलेली. पण जुन्या गाडीचं एक दुरुस्त केलं की दुसरं कुरकुरायला लागतं. आधी कार्ब्युरेटर निवृत्त झाले. (निवृत्त झाल्यावर त्यांना अहो-जाहो करतात.) ते खिडकीपाशी असतात, कारण त्यांना मोकळी हवा लागते. मग रेडिएटर आले. ते मोरीत राहतात आणि सकाळ-संध्याकाळ पाणी मागतात. विसरलं तर तापतात. मी नवे एलईडी दिवे बसवले तेव्हा जुने हेडलाइट कोचावर येऊन बसले. दोघांनाही जवळचं दिसत नाही, म्हणून टीव्ही पार पलीकडच्या भिंतीला न्यावा लागला. सायलेन्सर पॅसेजमध्ये आडवे असतात. स्वभावाने गरीब, पण लांबीने अडचणीचे. या सगळ्यांचं तेलपाणी, पुसापुशी, विचारपूस मी करतो. यजमान मीच, कारण नट मी सोडवले.

तक्रार नाही. दमलोय, इतकंच.

माझ्या बायकोचा, कुमुदचा, खांदा आखडला तेव्हा घरात आणखी कोणासाठी तसूभर जागा नव्हती. तिचा उजवा हात वरच जाईना. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल. वेळ लागायला आमची हरकत नव्हती, पण आमच्या गाडीचं स्टिअरिंग फार जड होतं. आणि आमच्याकडे गाडी दुरुस्त करतो मी, चालवते ती. मला चालवणं जमत नाही. जरा कुठे आवाज आला की मी गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडतो. कुमुद आवाजाकडे काणाडोळा करून पुढे जाते. बाजारात जायची, बहिणीकडे जयसिंगपूरला जायची, आणि काहीच काम नसलं तर उगाच नदीपर्यंत जाऊन यायची.

ते सगळं बंद झालं. दुपारी जेवण झालं की ती अंगणात उभ्या असलेल्या गाडीत जाऊन बसायला लागली. काच खाली करायची, डावा हात चाकावर ठेवायची आणि समोरच्या कुंपणाकडे बघत राहायची. मग आत येऊन भांडी आवरायची. मला ते बघवत नव्हतं.

"पॉवर स्टिअरिंग बसवता येतं," मी एकदा म्हणालो. "जुन्या गाड्यांसाठीही मिळतं. एका बोटाने वळतं म्हणे."

"आणि आत्ताचं कुठे राहणार?" कुमुदने विचारलं. "मोरीत तर रेडिएटर आहेत."

"कचेरीत विचारून बघू."

गावात या कामासाठी निवृत्त भाग निवास कचेरी आहे. तिथले निरीक्षक तेरदाळे टेप घेऊन आले. त्यांनी सगळ्या खोल्या मापल्या, कार्ब्युरेटरना नमस्कार केला, सायलेन्सरना ओलांडताना "माफ करा" म्हणाले. शेवटी टेप गुंडाळून खिशात घातला.

"जागा भरलीय," ते म्हणाले. "आता घरचं म्हणून इथे कोणीही वाढवता येणार नाही. माणूसही नाही, भागही नाही."

"पण साहेब, माझा खांदा आखडलाय," कुमुद म्हणाली.

"खांद्याचं आमच्याकडे काही होत नाही, बाई. तो सुटा भाग नाही."

तेरदाळे माणूस वाईट नव्हता. त्यांनी दारात उभं राहून बराच विचार केला. "एक करता येईल," ते म्हणाले. "स्टिअरिंगना पाहुणे म्हणून ठेवा. व्हरांड्यात खुर्ची टाका. पाहुण्यांना जागेची अट नाही. कितीही दिवस राहिले तरी पाहुणेच. फक्त त्यांना घरचं म्हणायचं नाही."

"एवढंच ना?"

"एवढंच. पण लोकांना तेच जमत नाही."

पार्सल आलं त्या सकाळी मी कामाला लागलो. कुमुद खिडकीशी उभी राहून सूचनांचा कागद वाचून दाखवत होती आणि मी पायांच्या जागेत डोकं घालून उलटा पडलो होतो. मधला मोठा नट काही केल्या हलेना. मी दोन्ही हातांनी जोर लावला, देवाचं नाव घेतलं, मग देवाचं नाही असंही काही बोललो.

"दमाने घ्या," वरून आवाज आला. स्टिअरिंग बोलत होते. नट जरा सैल झाला की त्यांना वाचा फुटते. "तो कधी सोडवलाच नाही कोणी. आधी थोडं तेल सोडा."

मी तेल सोडलं आणि वाट बघत पडून राहिलो.

"वहिनी, राग नाही ना?" ते कुमुदला म्हणाले. "मी तुम्हाला जड झालो."

"तुम्ही होतात तसेच आहात," कुमुद म्हणाली. "माझा हात तसा राहिला नाही."

"तुमचा हात मला पाठ आहे. घाटात तुम्ही अंगठा आत घेता. वळण संपलं की एकदा थोपटता."

कुमुदने कागदावरची पुढची सूचना वाचली. पाना फिरला आणि स्टिअरिंग माझ्या छातीवर आले.

नवं बसवायला संध्याकाळ झाली. वायरी जोडल्या, मोटार घट्ट केली, सगळं दोनदा तपासलं. कुमुद आत बसली, गाडी चालू केली आणि डाव्या हाताच्या एका बोटाने चाक वळवलं. पुढची चाकं अंगणातल्या मातीत निमूट वळली.

"अहो, वळतंय हे!" ती ओरडली. "नुसतं वळतंय!"

ती तशीच फाटकाबाहेर गेली. नदीवर जाऊन परत आली तेव्हा तिचे केस वाऱ्याने पार विस्कटले होते आणि ती एकटीच हसत होती. मी अंगणात ग्रीसच्या हातांनी उभा होतो. मला फार बरं वाटलं. किती दिवसांनी मला काहीतरी बरं वाटलं होतं.

पुढच्या आठवड्यात तेरदाळे पाहणीला आले. स्टिअरिंग व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर होते, अंगावर कुमुदची जुनी शाल. तेरदाळ्यांनी खुर्ची बघितली, शाल बघितली आणि मान डोलावली. सगळं व्यवस्थित होतं. ते निघणार इतक्यात स्टिअरिंग मला म्हणाले, "थोडं आतल्या बाजूला सरकलो तर चालेल का? इथे ऊन येतं."

"अहो, विचारता काय!" मी म्हणालो. "संकोच करू नका. घर आपलंच समजा."

तेरदाळ्यांनी पायात घातलेली चप्पल परत काढली.

"काय म्हणालात?"

"साहेब, ती म्हणायची पद्धत असते."

"पद्धत आहे म्हणून तर नियम करावा लागला." ते स्टिअरिंगकडे वळले. "आपण घर आपलं समजलात का?"

स्टिअरिंग घुटमळले. मग म्हणाले, "समजलो. खोटं कशाला बोलू? इतक्या आपुलकीने म्हणाले."

"मग झालं," तेरदाळे म्हणाले. "ते आता घरचे. म्हणजे घरातलं एक कमी करावं लागणार. निवृत्तांना हलवता येत नाही. यजमानाला घर सोडता येत नाही." त्यांनी दारातल्या कुमुदकडे एकदा पाहिलं. ते टेपशी चाळा करत राहिले.

"ती माझी बायको आहे," मी म्हणालो.

"मला कल्पना आहे."

"मी जुनं परत बसवतो. आत्ता बसवतो. पाना कुठे आहे?"

"माझी तयारी आहे," स्टिअरिंग लगेच म्हणाले.

पाना माझ्याच खिशात होता. मी तो काढला. तेवढ्यात कुमुद दारातून म्हणाली, "नको."

ती पदराला हात पुसत बाहेर आली. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग अंगणातल्या गाडीकडे.

"मला परत त्या कुंपणाकडे बघत बसायचं नाही," ती म्हणाली. "मी गाडीत राहीन. मागची सीट चांगली लांब आहे. आणि गाडी छान चालतेय आता. तुम्हीच तर केलीत."

मी पाना परत खिशात ठेवला. तिचं म्हणणं मला समजत होतं, तेच वाईट होतं. तेरदाळ्यांनी चप्पल घातली. जाताना ते हळू आवाजात म्हणाले, "पाहुण्या म्हणून यायला त्यांना कधीही मोकळीक आहे. फक्त घरच्यासारखं वागवू नका. वागवलंत तर मला परत यावं लागेल, आणि मग मला तेही बंद करावं लागेल."

कुमुदने दोन पातेली, चादर, उशी आणि खांद्याला लावायचं तेल घेतलं. मी उशीचा अभ्रा बदलून दिला. ती निघाली तेव्हा हेडलाइटनी खिडकीतून पाहिलं. लांबचं त्यांना छान दिसतं; गाडी दिसेनाशी झाली ती आम्हाला, त्यांना कितीतरी वेळ दिसत होती.

आता ती अधूनमधून येते. फाटकाशी एका दमात गाडी लावते. चप्पल पायरीच्या खाली काढते, पूर्वी दाराच्या आत काढायची. व्हरांड्यात खुर्चीच्या कडेवर बसते. स्टिअरिंग विचारतात, "कुठवर जाऊन आलात?" आणि ती सांगते. आंबा घाट, धुकं, समोरून आलेली उसाची ट्रॉली, वळणावर गाडी कशी हलकी वळली. सांगता सांगता तिचा हात त्यांच्यावर जातो, अंगठा आत. ते डोळे मिटल्यासारखे गप्प ऐकतात. उजवा हातही हल्ली जरा वर जातो, असं परवा ती म्हणाली. मी दारात उभा राहून ऐकतो. आत रेडिएटर पाणी मागत असतात.

परवा ती आली तेव्हा तेरदाळे रस्त्याने सायकलवरून चालले होते. आम्हाला पाहून त्यांनी वेग कमी केला. मी चहा टाकायला आत गेलो. सायलेन्सरना ओलांडलं, गॅस पेटवला, आधण ठेवलं आणि रस्त्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं, "साखर किती घालू?"

"एकच चमचा," कुमुद म्हणाली. "तुम्ही उगाच त्रास घेताय."