करीमचाचांचा हरवलेला कागद

आमचे घरमालक करीमचाचा बसचं तिकीटसुद्धा लॅमिनेट करून ठेवतात. रेशनकार्ड, लाइटबिल, नातीचं पहिलीचं प्रगतिपुस्तक, सगळं प्लॅस्टिकमध्ये. मी सिरसाळ्याहून बीडला कॉलेजला आलो आणि त्यांच्याकडं खोली घेतली, तेव्हा भाड्याची पहिली पावतीही त्यांनी लॅमिनेट करूनच दिली. "जपून ठेव बेटा. कागद हाय तर आपन हाय."

म्हणून नातीच्या नर्सिंगसाठी विकायला काढलेल्या प्लॉटचं मूळ खरेदीखत हरवलं असं त्यांनी ऐन वेळी सांगितलं, तेव्हा गल्लीत कुणाचाच विश्वास बसला नाही. प्लॉट घेणारे गुरुजी तर इसार देऊन बसले होते.

"चाचा, तुमी तिकिटं जपता आन खरेदीखत हरवता? कुठं गहाण तर न्हाई ना टाकलं?"

"कचेरीतून नक्कल काढून देतो की."

"मला मूळ पायजे. शुक्रवारपर्यंत द्या, न्हाई तर इसार परत करा. मग कोर्ट हायच."

इसार नातीच्या प्रवेशाला भरून झाला होता. चाचा माझ्या खोलीत आले. "तू शिकलेला हायस. कागद हरवला म्हणून पोलिसात द्यायला अर्ज लिही."

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. अर्ज लिहायचा म्हटलं की अजून हात थांबतो. चूक राहू नये म्हणून मी सगळं विचारून घेतो.

"कुठं हरवलं, चाचा?"

"यष्टीत."

"कोणत्या?"

चाचांनी पिशवीतून एक लॅमिनेट केलेलं तिकीट काढलं. "ह्या. परळीच्या."

"पण हे तिकीट दिवाळीतलं आहे. खरेदीखत तुम्ही गुरुजींना गेल्या महिन्यात दाखवलंत. मी तिथंच होतो."

चाचांनी तिकीट उलटसुलट पाहिलं. "तारीख लई ठळक छापतेत," ते म्हणाले.

तरी मी अर्ज पुरा करून पुढं केला. चाचांनी पेन धरलं आणि खाली ठेवलं. "खोट्या कागदावर आजवर सही केली न्हाई बेटा."

मग ते आत गेले आणि खरेदीखत घेऊन आले. साध्या फडक्यात गुंडाळलेलं होतं. त्या घरातला प्लॅस्टिक नसलेला हा एकच कागद मी पाहिला. प्लॉट नवराबायको दोघांच्या नावावर होता. शेवटच्या पानावर चाचांच्या सहीखाली चाचींची सही होती, मोठी आणि वाकडी. मी इथं येण्याआधीच चाची गेल्या होत्या.

"अंगठा देनार न्हाई म्हनली. महिनाभर परातीतल्या पिठावर नाव गिरवलं. जिंदगीत एकच सही केली तिनं. पान उलटं कर. बोट फिरव."

मी फिरवलं. पेन इतकं दाबून चालवलं होतं की मागच्या बाजूनं अक्षरं उठली होती.

"तिचा फोटो आधार कार्डावर हाय," चाचा म्हणाले. "पर झेरॉक्समदी हे हाताला लागत न्हाई. दोनदा काढून बघितली."

"गुरुजींना सांगितलं का?" मी विचारलं.

"हसतील."

गुरुजी हसले नाहीत. त्यांनीही पानामागून बोट फिरवलं. "कागद मला लागंल, चाचा. पर तुमी कवाबी या, बघून जा."

"लिहून द्या," चाचा म्हणाले.

चाचा येतील तेव्हा शेवटचं पान त्यांच्या हातात द्यावं, असं मी लिहिलं. गुरुजींनी सही केली. ती चिठ्ठी चाचांनी लगेच लॅमिनेट करून आणली.

शुक्रवारी खरेदीखत देताना त्यांनी गुरुजींना एकच गोष्ट सांगितली.

"ह्याला प्लॅस्टिक घालू नका."