घोड्याच्या वर्षातली मेंढी

जगात उत्तरं देणाऱ्यांपेक्षा प्रश्न विचारणारे नेहमीच जास्त असतात. म्हणून कोणत्याही जबाबदार राष्ट्राला उत्तरांचा साठा आधीच करून ठेवावा लागतो, हिवाळ्याच्या तोंडावर किमचीचा करतात तसा. किमची आंबते, उत्तरंही आंबतात. फरक इतकाच, की आंबलेली किमची चवीला चांगली लागते.

या दूरदृष्टीतून सोल शहरात 'परकीय नित्यप्रश्न मंडळ' स्थापन झालं. परदेशी पाहुणे तेच ते प्रश्न विचारतात. त्यांना तीच ती उत्तरं द्यायची, हे मंडळाचं काम. बावीस वर्षांत एकाही पाहुण्यानं नवा प्रश्न विचारला नाही आणि मंडळानंही कुणाला नवं उत्तर देऊन अवघडून टाकलं नाही. या वर्षी ही सगळी उत्तरं पुस्तिकेच्या रूपानं छापायचं ठरलं. पुस्तिका आज उपलब्ध आहे. नमुन्यादाखल :

प्रश्न १ : तुम्ही उत्तरेकडचे की दक्षिणेकडचे?

दक्षिणेकडचे. (आलेल्या प्रश्नांपैकी एकसष्ट टक्के हाच असतो. विचारणाऱ्यांपैकी नऊ टक्के लोक उत्तर ऐकून निराश होतात.)

प्रश्न ६ : बंद खोलीत पंखा लावून झोपलं तर माणूस मरतो, असं तुम्ही लोक मानता का?

मुळीच नाही. तो जुना गैरसमज आहे. (मंडळाच्या विश्रांतीकक्षात झोपण्यापूर्वी पंखा बंद करावा. विजेची बचत म्हणून. पंखा चालूच ठेवायचा असेल तर खिडकी उघडावी. तीही विजेची बचत म्हणून.)

प्रश्न ९ : जोसन राजांचं राज्य पाचशे वर्षं कसं टिकलं?

लिहून ठेवल्यामुळे. राजा बोलला की बखरकार लिहून घेई. एकदा एक राजा शिकारीत घोड्यावरून पडला आणि उठता उठता म्हणाला, "हे बखरकाराला कळू देऊ नका." हे वाक्यही बखरीत आहे.

प्रश्न १२ : तुमचे राष्ट्राध्यक्ष तुरुंगात का जातात?

सगळेच जात नाहीत.

प्रश्न १७ : कोरियन माणूस भेटल्याबरोबर वय का विचारतो?

—

इथं पुस्तिकेत एक आडवी रेघ आहे. छपाईची चूक समजून काही वाचकांनी तक्रारी केल्या. ती चूक नाही. त्या रेघेची हकिगत अशी.

मंडळात तीन माणसं. प्रमुख गूक मिरान, वय छत्तीस. ही बाई हाताखालच्या दोघांहून कितीतरी लहान, पण पदानं मोठी. त्यामुळे दोघंही तिला नावानं न बोलवता 'प्रमुखबाई' म्हणत आणि प्रश्न मिटवत. दुसरे मेंग हाकसू. तिसरा प्यो जोंगदाल. आपल्याकडे दर वर्षाला एकेका प्राण्याचं नाव असतं. मेंगचा जन्म घोड्याच्या वर्षातला, प्योचा त्यानंतरच्या मेंढीच्या वर्षातला. म्हणजे एका वर्षाचा फरक. परदेशी माणसाला एक वर्ष म्हणजे काहीच वाटत नाही. आपल्याकडे एका वर्षात माणूस 'दादा' होतो.

आणि मेंगला दादा होण्याची फार निकड होती. तो घरात सात भावंडांतला शेवटचा. एकोणसाठाव्या वर्षीही थोरल्या बहिणी फोन करून "छोट्या, जेवलास का?" असं विचारत, आणि तो जेवला असला तरी काय जेवला ते विचारत. अख्ख्या कोरियात मेंगला दादा म्हणणारा एकच माणूस होता, तो म्हणजे प्यो. म्हणून मेंग रोज सकाळी ऑफिसला वेळेवर येई. (पगारासाठीही येई, पण वेळेवर नव्हे.)

व्यवस्था चोख होती. जेवायला गेले की बिल मेंग देई. जाळीवर मांसाचे काप प्यो उलटवी. चिमटा आणि कात्री ही धाकट्याची आयुधं, ती त्यानं बावीस वर्षं इमानानं चालवली. सोजूची दारू पिताना, थोरल्यासमोर प्यावं तसं, तो तोंड भिंतीकडे वळवून पिई. त्यामुळे प्योचा डावा कान मेंगला त्याच्या चेहऱ्यापेक्षा जास्त परिचयाचा होता.

अशा अनुभवी माणसाकडे सतरावा प्रश्न यावा, हे योग्यच झालं. मेंगनं एका बैठकीत उत्तर लिहिलं.

पहिला मसुदा (लेखक : मेंग) : 'वय विचारणं हे प्रेमाचं लक्षण आहे. वय कळलं की थोरल्याला मान मिळतो आणि धाकट्याला माया. या व्यवस्थेत कुणाचंच नुकसान होत नाही. तीन वर्षांपूर्वी कायद्यानं वय मोजण्याची जुनी रीत बंद केली आणि एका दुपारी पाच कोटी लोक वर्षा-दोन वर्षांनी तरुण झाले, तरी कोण कुणाचा दादा हे बदललं नाही. (गुडघ्यांनाही कायदा लागू झाला नाही.)'

प्रमुखबाईंनी मसुदा मंजूर केला. तो छापखान्यात जायच्या आदल्या दिवशी प्योची आई आली.

म्हातारी पूर्वेकडच्या डोंगरातल्या खेड्यातून पहाटेची बस धरून आली होती. डोक्यावर भाताच्या वड्यांची टोपली, टोपलीवर फडकं. आत येताच तिनं टोपली मेंगच्या टेबलावर, थेट मसुद्यावर ठेवली.

"जोंगदालची साठी आज. म्हटलं, हा काही सुट्टी घेऊन घरी यायचा नाही. खा सगळ्यांनी."

प्यो उठून उभा राहिला. त्याचा चेहरा घोड्यावरून पडलेल्या राजासारखा झाला होता.

"आई, तुमची गल्लत होतेय," मेंग मायेनं म्हणाला. "प्योची साठी पुढल्या वर्षी. तो मेंढीचा ना?"

"मेंढी कुठली? घोडा आहे तो! बार्लीची कापणी चालली होती, मी विळा टाकून घरात गेले आणि हा झाला. मला सांगता होय?"

"पण सरकारी नोंदीत तर..."

"नोंद त्याच्या बापानं पुढल्या साली केली. तेव्हा पोर जगतंय का ते आधी बघायचे, मग नोंदवायचे. उगीच दोन-दोन खेपा कोण घालणार? तुम्ही कोणत्या सालचे?"

"घोड्याच्याच," मेंग म्हणाला. त्याचा आवाज अर्ध्यावर आला होता. "ऑक्टोबर."

म्हातारीनं बोटं मोजली. मग टोपलीतली सगळ्यांत मोठी वडी काढून तिनं मेंगच्या हातावर ठेवली.

"म्हणजे तू धाकटा. खा बाळा."

मेंगनं वडी खाल्ली. म्हातारीसमोर न खाण्याची सोय नव्हती.

तिला बसमध्ये बसवून प्यो परत आला तेव्हा मेंग जिन्याच्या वळणावर, यंत्रातल्या कॉफीचा कागदी पेला धरून उभा होता.

"तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"कधीपासून?"

"कधीपासून म्हणजे? जन्म माझाच की, दादा."

"दादा म्हणू नकोस! म्हणजे... नका." मेंग घुटमळला. "ते जाऊ दे. द्या. बोललात का नाही इतकी वर्षं?"

प्यो पायरीवर बसला. "पहिल्या दिवशी विचारलंत, कोणतं साल. मी नोंदीतलं सांगितलं. तुम्ही इतके खूश झालात, की मला वाटलं, राहू दे. मी घरचा थोरला. चार भावंडांची लग्नं, बापाचं आजारपण, पूर्वजांचं वर्षश्राद्ध, सगळं माझ्या गळ्यात. काही झालं की सगळे माझ्याकडे बघणार. म्हटलं, बाहेर एक तरी माणूस असावा, ज्याच्याकडे मी बघेन."

मेंगनं कॉफीचा एक घोट घेतला.

"शिवाय बिलं तुम्ही द्यायचात," प्यो प्रामाणिकपणे म्हणाला.

दुसरा मसुदा (लेखक : मेंग, त्याच दुपारी) : 'वय हा केवळ आकडा आहे. आधुनिक कोरियात वय विचारणं असभ्य मानतात. नोंदीतलं वय हेच खरं वय. बार्लीच्या कापणीला पुरावा म्हणता येत नाही.'

दुरुस्ती (प्यो) : 'पहिला मसुदा चांगला होता. तोच ठेवावा.'

शेरा (प्रमुखबाई) : 'दोघांनी बसून ठरवा. बसताना कोण आधी बसतं यावर वेळ घालवू नये.'

साठी म्हणून प्रमुखबाईंनी संध्याकाळी दोघांना जेवायला नेलं. जाळी तापली. काप पडले. चिमटा मधोमध होता. प्योनं सवयीनं हात पुढं केला. मेंगनं तो अडवला, कारण थोरल्याला राबवणं बरं नव्हे. मग मेंगनं स्वतः चिमटा उचलावा, तर तसं केल्यानं तो धाकटा असल्याची कबुली होणार. प्रमुखबाईंनी उलटावं, तर त्या प्रमुख. तिघंही आदबीनं जाळीकडे बघत राहिले. धूर झाला.

"अहो, मांस करपतंय!" मालकीण ओरडली. "तिघं आहात आणि एकाला हात नाहीत?"

"आमचं ठरायचंय, मावशी," प्रमुखबाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून मेंग प्योशी बोलेना. रुसला होता असं नव्हे. बोलायचं तर तू म्हणायचं की तुम्ही हे आधी ठरवावं लागतं, आणि 'तुम्ही' म्हटलं की मागोमाग 'दादा' येतो. तो शब्द मेंगच्या घशातून वर येईना. बावीस वर्षं तो शब्द त्यानं फक्त ऐकला होता. म्हणायची वेळ आली की कानात बहिणींचं "छोट्या" वाजे. शेवटी तो नुसती नामं बोलू लागला. "फाईल." "कॉफी." "टेलिफोन." प्योही तेवढंच बोले. "इकडं." "सापडली." कुणी कुणाशी गप्पा मारत नसल्यानं मंडळाची कार्यक्षमता अकरा टक्क्यांनी वाढली, आणि वरून अभिनंदनाचं पत्र आलं. प्योनं ते वाचलं आणि खिडकीबाहेर बघत बसला. दुपारी तो एकटाच जेवायला गेला. मेंगही एकटाच गेला, समोरच्याच खानावळीत, आणि भिंतीकडे तोंड करून जेवला, कारण भिंत पाहिली की त्याला प्योचा कान आठवे.

पुस्तिका छापून आली. सतराव्या प्रश्नापुढं रेघ.

तीन आठवड्यांनी पुण्याहून एक गृहस्थ सपत्नीक आले. सज्जन माणूस. आल्याबरोबर त्यांनी चिवड्याची पुडी उघडून मेंगपुढं धरली. मेंगनं घास घेतला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि आणखी मागितला. मग गृहस्थ पुस्तिका चाळू लागले आणि रेघेपाशी थांबले.

"याचं उत्तर नाही दिलंत?"

मेंगनं समजावलं. समोरचा थोरला की धाकटा हे कळल्याशिवाय आमच्याकडे बोलणंच पुढं सरकत नाही, कसं बोलायचं, कुठं बसायचं, आधी कोण पिणार, सगळं त्यावर. सांगताना त्यानं दोनदा डोळे पुसले. (चिवडा तिखट होता.)

गृहस्थ मनापासून हसले. "कमाल आहे! म्हणजे माणसाशी कसं वागायचं ते आधी चौकशी करून ठरवायचं? इतका पुढारलेला देश तुमचा, मोबाईल बनवता, जहाजं बनवता, आणि हे? आमच्याकडे नाही हो असलं काही. आम्ही माणसाला माणूस म्हणून भेटतो."

"फार चांगलं आहे," मेंग म्हणाला. त्याला खरोखरच हेवा वाटला.

"मग! आपलं नाव काय म्हणालात?"

"हाकसू."

"ते झालं. पूर्ण नाव?"

"मेंग हाकसू."

"मेंग." गृहस्थांनी तो शब्द जिभेवर घोळवून पाहिला. काही लागेना. "मेंग म्हणजे... तुमच्यात कोण?"

"कोण म्हणजे?"

"म्हणजे मूळचे कुठले? घराण्यात पूर्वी काय असायचं? पूजापाठ, शेतीवाडी, राजाकडे चाकरी, का आणखी काही?"

"सहज विचारतायत हं," पत्नी लगबगीनं म्हणाल्या. "यांच्या मनात तसलं काही नसतं."

मेंगनं पुस्तिका उघडली, पुढून मागं चाळली, मागून पुढं चाळली. हा प्रश्न तिच्यात नव्हता. बावीस वर्षांत पहिल्यांदा पाहुण्यानं नवा प्रश्न विचारला होता, आणि साठ्यात उत्तर नव्हतं. पाहुणे हसऱ्या चेहऱ्यानं वाट बघत होते. उत्तर मिळेपर्यंत त्यांना पुढचं काही बोलताच येत नव्हतं असं दिसलं. लहानपणी अंधाराला भिऊन मागं वळायचा तसा मेंग वळला.

"दादा, हे काय विचारतायत?"

शब्द निघून गेला होता. काहीही कोसळलं नाही. मागच्या टेबलाशी प्योनं हातातला पेला तेवढा खाली ठेवला. मेंगच्या लक्षात आलं, की आपण कुणाला तरी विचारलं आणि त्यामुळे खांदे एकदम हलके झाले. प्यो बावीस वर्षं कशासाठी गप्प बसला होता तेही त्याच वेळी कळलं.

प्यो शांतपणे उठून जवळ आला. त्यानं पाहुण्यांना नीट निरखलं आणि मेंगच्या खांद्यावर हात ठेवला.

"अरे, सांगून टाक काहीतरी," तो कोरियन भाषेत म्हणाला. "बघतोयस ना, बिचाऱ्यांचं बोलणं अडलंय."

(गृहस्थांनी स्वतःचं नाव सांगितलं होतं, आडनावासकट, दोनदा, स्पष्ट उच्चारात. ते इथं दिलेलं नाही. त्यावाचून गृहस्थांविषयी मत बनवताना ज्या वाचकांची अडचण होत आहे, त्यांची मंडळ क्षमा मागतं.)